फेस्ताला गाडी लावायला जागा नाही, लदीनीला गायला माणूस नाही

खांडेपारकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी हिंदू, मूळ फोंड्याकडचा, पण बरीच वर्षं बार्देशात राहतोय आणि आमच्या वाड्यावर निम्मी घरं किरिस्तांवांची (कॅथलिक ख्रिश्चनांची). धर्मांतर, इन्क्विझिशन, कोणाला मत द्या हे विषय इथे दर महिन्याला कोणी ना कोणी काढतोच, ते या धाग्यात नको. मला विचारायचंय ते साधं आहे, गोव्यातलं चर्च आज नक्की कुठल्या अवस्थेत आहे असं तुम्हाला वाटतं?

बाहेरून बघितलं तर एकदम जोरात आहे. २०२२ मध्ये आपले आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव कार्डिनल झाले. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन झालं, ओल्ड गोव्यात मांडव, बसेस, व्हॉलंटियर, रांगेत हिंदू किती आणि ख्रिश्चन किती हे कोणी सांगू शकलं नसतं. ३ डिसेंबरचं सायबाचं फेस्त (संताचा सण) दरवर्षी तसंच. गावोगावच्या फेस्तालाही तीच गत, खाज्यांची दुकानं, फर्निचर, रात्री तियात्र (कोंकणी नाटक), गाडी अर्धा किलोमीटर लांब लावायची.

आणि हे सगळं संपलं की वाड्यावर काय उरतं ते बघा. मे महिन्यात आमच्या खुरसाकडे (वाड्यावरच्या क्रॉसपाशी) लदीन होते. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, खुरसाला रंग काढतात, माळा घालतात, संध्याकाळी लॅटिनमध्ये सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, लितानी (नावं घेत केलेली प्रार्थना) म्हणतात, व्हायोलिन असतं, वरचे-खालचे सूर पकडून म्हणणारी माणसं असतात, आणि मग उकडलेले चणे आणि ज्याला पाहिजे त्याला फेणी. आम्ही शेजारीपाजारी सगळे जातो, चण्यांसाठी जातो असं म्हणतात लोक, म्हणू देत. पूर्वी इथे तीन आवाजांत म्हणणारे लोक होते, त्यांतला एक टेलर होता, एक तारवटी (बोटीवरचा खलाशी), सुट्टीवर असला की हमखास हजर. आता ब्ल्यूटूथ स्पीकरवर रेकॉर्डिंग लावतात आणि मधेच कोणाचा तरी फोन आला की सायबीण थांबते. सायबिणीची मूर्ती घरोघरी नेतात त्याचंही तेच, एका घरातून उचलून शेजारच्या घरी न्यायची असा क्रम असतो ना, तर आता मधली कुलूपबंद घरं सोडत सोडत न्यावी लागते.

माझं मत असं झालंय की युरोपात चर्च रिकामी झाली ती लोकांचा विश्वास उडाला म्हणून, इथे विश्वास जागच्या जागी आहे, माणूसच जागेवर नाहीये. पोर्तुगीज पासपोर्ट, इंग्लंडमधलं स्विंडन, बोटी, दुबई. तुमच्या गावात काय दिसतंय ते लिहा.

रोखठोक_पेडणे

इन्क्विझिशन नको म्हणता पण १५६० ते १८१२ इतका काळ जे इथे चाललं ते बाजूला ठेवून चर्चची अवस्था कशी काय बोलणार? आणि आकडे बघा ना, २००१ च्या जनगणनेत ख्रिश्चन २६.७ टक्के, २०११ मध्ये २५.१. उतरतंय ते उतरतंय. त्यात रडण्यासारखं काय आहे.

सासष्टीकार

रोखठोक, टक्का उतरला, डोकी उतरली नाहीत. २००१ मध्ये साधारण तीन लाख साठ हजार होते, २०११ मध्ये तीन लाख सहासष्ट हजार. राज्याची बाकीची वस्ती जास्त वेगाने वाढली, बाहेरून लोक आले, म्हणून वाटा कमी दिसतो. अर्थात डोकी मोजताना नाव इथल्या रेशनकार्डावर आणि माणूस बोटीवर असा प्रकार आमच्याकडे किती असतो ते वेगळंच.

आणि इतिहासाचं म्हणाल तर आम्हाला तो शिकवायची गरज नाही, कुंकळ्ळीचा १५८३ चा उठाव आमच्याच गावांचा आहे. ज्यांच्या पूर्वजांनी पाद्री मारले आणि ज्यांचे म्होरके मग असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले गेले, त्यांचे वंशज आज कुंकळ्ळीच्या इगर्जेतही (चर्चमध्येही) आहेत आणि फातर्प्याच्या शांतादुर्गेच्या सोंत्र्यांतही (छत्र्यांच्या मिरवणुकीतही), बारा वांगडी (मूळ घराणी) तेच. हे चारशे वर्षांचं गुंतागुंतीचं काम आहे, एका ओळीत मावत नाही.

(मी किरिस्तांव, मराठी शाळेत शिकलो नाही, पण पपा मराठी पेपर घ्यायचे, त्यातून आलं. चुका काढू नका.)

आता मूळ मुद्दा. खांडेपारकर, तुमचं निरीक्षण बरोबर पण तुम्ही ते नवीन असल्यासारखं लिहिलंय. गोंयकार किरिस्तांव कधी जागेवर होता? मुंबईला धोबीतलावला गावागावांचे कूड (एकत्र राहायच्या जागा) होते, तारवटी बोट मिळेपर्यंत तिथे राहायचे, प्रत्येक कुडात गावच्या संताचं अल्तार (वेदी), संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायलाच पाहिजे, नाही आलास तर दंड. कोंकणीतलं ‘दोर म्हयन्याची रोटी’ हे मासिक १९१५ मध्ये सुरू झालं ते कुठे, तर कराचीत! नैरोबी, मोंबासा, सगळीकडे आमचे लोक. सासष्टीतल्या कितीतरी इगर्जा नि कपेलांचे रंग, घंटा, बाकं ही त्या मनीऑर्डरींवर झालीत. म्हणजे गाव सोडणं आणि चर्च चालणं हे एकमेकांच्या विरुद्ध नव्हतं, उलट एकाच्या जिवावर दुसरं चालायचं.

फरक कुठे पडला सांगतो. तेव्हा पुरुष जायचा, बायको, आई, पोरं घरी. दोन वर्षांनी तो यायचा तेव्हा त्याचं घर चालू असायचं, पोरगा अल्तारावर पाद्रीला मदत करायचा, पोरगी कोयरात (चर्चच्या गायनवृंदात). आता पासपोर्टावर अख्खं घर जातं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांची जन्मनोंद लिस्बनला चढवायची की मुलांना, नातवंडांना वाट मोकळी. २०२० अखेरीस ब्रेक्झिटने इंग्लंडचा सरळ रस्ता बंद केला तरी पोर्तुगाल, आयर्लंड आहेच. मनीऑर्डर येते अजून, फेस्ताला तर जोरात येते, फेस्तकार (फेस्ताचा यजमान) लंडनमध्ये बसून बँडचे पैसे पाठवतो. पण वर्षाचे बाकीचे दिवस झाडू मारायला, नोव्हेनीला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) वाचायला, आजाऱ्याच्या घरी जायला बँक ट्रान्सफर उपयोगाचा नाही.

डिचोलीची_बाय

मी निवृत्त शिक्षिका, मराठी माध्यमाची. माझा मुद्दा तुम्हाला बोचेल कदाचित सासष्टीकार, राग मानू नका.

नव्वदीच्या सुरुवातीला सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान मातृभाषेच्या माध्यमालाच. तेव्हा डायसेसनच्या (चर्चच्या) शाळा कोंकणीवर गेल्या, पालकांचा विरोध असून गेल्या, आणि मला आठवतं आम्ही मराठीवाले असूनही त्याचं कौतुक केलं होतं. मग २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान झालं आणि त्या शाळा इंग्रजीत गेल्या. त्यावरून २०१६ मध्ये संघातच फूट पडली ते सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात जात नाही. माझं म्हणणं, चर्चने तेव्हा पालकांचं ऐकलं, सोपा रस्ता धरला, आणि त्याचं बिल आता चर्चलाच भरावं लागतंय. ज्या पोराला शाळेत इंग्रजी, घरी आईबाप ‘कम हियर, सिट डाऊन’, त्याला कोंकणी सेर्मांव (प्रवचन) कळणार कसा? जे थोडं कोंकणी शाळेत शिकतो ते देवनागरीत, आणि चर्चमधली प्रार्थनेची, गायनांची पुस्तकं रोमीत (रोमन लिपीत). म्हणजे शिकला ते चर्चात नाही आणि चर्चात आहे ते शिकला नाही. माझ्या शेजारणीचा नातू फक्त इंग्लिश मिसला (चर्चमधल्या उपासनेला) जातो, कोंकणी मिस म्हणजे म्हाताऱ्यांची असं तोंडावर सांगतो आजीला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत मिस आणायची वेळ आली तेव्हा फादर वास्को रेगो, फादर बेर्नार्द कोता यांच्यासारख्यांनी बसून कोंकणीत गायनं रचली, चाली लावल्या. केवढं मोठं काम! मला ती गायनं रेडिओवर ऐकून पाठ आहेत. आणि दोन पिढ्यांत ती समजणारी पोरंच कमी केली आपण. आपण म्हणते कारण आम्ही मराठीवाल्यांनी तरी कुठे वेगळं केलं, माझी नात इंग्रजी शाळेतच आहे.

वसईकर_सध्या_पर्वरी

वाह, चांगला धागा. मी वसईचा कॅथलिक, नोकरीमुळे पर्वरीला. इथे आल्यावर लोक विचारतात तू ख्रिश्चन आणि मराठी कसा रे बोलतोस, मग मी सांगतो आमच्याकडे मिसच मराठीत असते, पाळक मराठीत प्रवचन देतात, ‘सुवार्ता’ मासिक मराठीत निघतं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. (गेले ते २०२४ मध्ये.) आमच्याकडे पोर्तुगीज १७३९ ला संपले, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्यानंतर आमचे पूर्वज शेती करत, मराठी बोलत, ख्रिस्ती म्हणून राहिले. गोव्यात पोर्तुगीज त्यापुढे सव्वादोनशे वर्षं राहिले, तर फरक पडणारच.

पण डिचोलीच्या बाय, भाषा टिकवली म्हणून चर्च टिकतं असं समजू नका. वसईतही तरुण पोरं इंग्लिश मिसकडेच सरकतायत. आमच्याकडे पासपोर्ट नाही, आमच्याकडे बिल्डर आला. वाड्या गेल्या, केळी गेल्या, टॉवर आले. पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) माणसं उलट वाढली, फक्त एकमेकांना ओळखणारी राहिली नाहीत.

आणि एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. मी ज्या पॅरिशमध्ये जातो तिथे रविवारी संध्याकाळी बाकं भरलेली असतात, पण कोणाची? केरळच्या नर्सेस, मंगळूरवाले, मुंबईहून घर घेऊन आलेले, आणि झारखंड-ओडिशाचे मुलगे जे हॉटेलात नि बांधकामावर आहेत. किनारपट्टीवर काही ठिकाणी हिंदीत मिस होते त्यांच्यासाठी. खांडेपारकर तुम्ही म्हणता माणूस जागेवर नाही, अहो माणूस आलाय, तो फक्त तुमच्या ओळखीचा नाही.

म्हापशेंचो_बाजार

मिलाग्रिसच्या फेस्ताला या एकदा म्हापशात, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी असतं. सायबिणीला तेल घालायला निम्मी रांग हिंदूंची. शिरगावची लईराई देवी आणि मिलाग्रिस सायबीण बहिणी, एकमेकींना तेल नि फुलं पाठवतात, असं आमची आजी सांगायची. हे कुठल्या पाद्रीच्या हुकुमाने चालत नाही आणि बंदही होणार नाही. आमचा खाज्यांचा धंदा, आम्ही हिंदू, वर्षभराचं कॅलेंडर फेस्तांवर चालतं आमचं, चर्चची काळजी आमच्याएवढी कोणाला नसेल हाहा.

सीरियस बोलायचं तर माणसं गल्फला जातायत त्यापेक्षा बिलिव्हर्सकडे (कॅथलिक चर्चबाहेरच्या ख्रिस्ती प्रार्थनागटांकडे) जातायत हे चर्चचं जास्त दुखणं आहे असं माझ्या गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून वाटतं. बिलिव्हर झाला की फेस्त नाही, सायबीण नाही, खुरसाला दिवा नाही, फेणी नाही. का गेला विचारलं तर, नवऱ्याची दारू सुटली, आजारात रोज कोणीतरी घरी येऊन प्रार्थना करत होतं. इगर्जेत काय, विगाराला (पॅरिशच्या मुख्य पाद्रीला) भेटायला ऑफिसचं टायमिंग बघावं लागतं. दोन हजार घरांची पॅरिश, पाद्री दोन, ते तरी काय करणार म्हणा.

रोखठोक_पेडणे

बघा, शेवटी धर्मांतर विषय आलाच. आता कॅथलिकांचं होतंय तर वाईट वाटतंय.

सासष्टीकार

हो, आलाच, आणि टोमणा लागलाही, घ्या. बिलिव्हर्सचं म्हापशेंकार बोलतात ते खरं आहे. आमच्या घरातलेच एक गेले. पण त्यांच्या जाण्यात अजून एक कारण आहे जे कोणी उघड बोलत नाही, ते म्हणजे जात. चर्चमध्ये जात नाही असं बाहेरच्यांना वाटतं. बामण, चारडो, सुदीर, सगळं आहे. कोंफ्रारीत (चर्चच्या बंधुमंडळात) कोणाला घ्यायचं, मिरवणुकीत कुठल्या रंगाचं ओपमूस (मंडळाचा झगा) कोण घालणार, फेस्त कोणी करायचं, यावर गावंच्या गावं भांडलीयत, कोर्टात गेलीयत. कितीतरी ठिकाणी बिशपांनी नियम बदलून सगळ्यांना खुलं केलं, स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी काढल्या, वाड्यावाड्याचे गट, त्यात जात विचारत नाहीत आणि त्या खरंच चालतात, पण लग्नाच्या जाहिराती वाचा पेपरात, कळेल. ज्या माणसाला पिढ्यान् पिढ्या फेस्तात मागे उभं केलं त्याला कोणीतरी येऊन सांगितलं की आमच्याकडे पहिल्या खुर्चीवर बस, तो जाईल नाहीतर काय करेल?

आता गंमत बघा (गंमत कसली). गावकार (गावात जुना मान असलेली) घरं परदेशात गेली तशी कोंफ्रारीला माणसं कमी पडायला लागली, मग ज्यांना कधी घेतलं नव्हतं त्यांना बोलावून घ्यायला लागले. समतेच्या उपदेशाने जे झालं नाही ते पासपोर्टाने केलं. खांडेपारकरांना त्या जुन्या लदीनीची आठवण येते, मलाही येते, सूर खरंच चांगले होते. पण त्या लदीनीत कोण गायचा आणि कोण चणे वाटायचा हेही ठरलेलं होतं.

खांडेपारकर

सासष्टीकार, ही बाजू मला बाहेरून कधी दिसलीच नसती. देवळातलं तरी कुठे वेगळंय, महाजन कोण आणि पालखीला हात कोणी लावायचा यावर आमच्याकडे पोलीस बंदोबस्तात जत्रा झाल्यात.

वसईकर, तुमच्या नर्सेस नि झारखंडच्या पोरांचा मुद्दा घेतो. मान्य, बाकं भरतात. पण त्यांना चर्च कमिटीवर कोण घेतो? कोयरात? आणि फेस्ताला? मला जे दिसतं त्यात ते मिसला येतात, शेवटच्या रांगेत बसतात, निघून जातात. ‘भायले’ (बाहेरचे) हा शिक्का इगर्जेच्या दारात गळून पडत नाही.

अजून एक, चर्चची ताकद आटली असं मात्र मी म्हणत नाहीये. रविवारी मिसनंतर ग्रामसभा असली की बघा. २०२० ला मोलेचे तीन प्रकल्प आले, रेल्वेचं दुपदरीकरण, हायवे, विजेची लाइन, तेव्हा चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले, त्यांत किती पॅरिशेसचे लोक होते. २०२४ च्या ऑक्टोबरात सायबाच्या शवाची डीएनए टेस्ट करा असं वक्तव्य आलं तर मडगावात रस्ते बंद झाले. एका दिवसात एवढी माणसं रस्त्यावर आणणारी दुसरी संघटना गोव्यात दाखवा. पण रस्त्यावर येणं वेगळं आणि दर गुरुवारी कोयरच्या प्रॅक्टिसला येणं वेगळं.

वसईकर_सध्या_पर्वरी

आमच्या पॅरिशच्या कोयरात सध्या कीबोर्डवर मंगळूरचा आहे आणि दोन केरळच्या मुली गातात, कोंकणी गायनं मल्याळममध्ये लिहून घेतात आणि गातात. उच्चारांवर म्हाताऱ्या हसतात. पण कमिटीवर नाहीयेत हे बरोबर, तिथे अजून जुनीच नावं.

बाणावलीची_मावशी

सगळं वाचलं. मराठी वाचता येतं, लिहायला सवय नाही, समजून घ्या. आमचा गाव संत जुझे वाझचा, २०१५ साली पोप फ्रान्सिसने कोलंबोत त्यांना संत केलं तेव्हा आम्ही केवढं नाचलो. तो पण गोवा सोडूनच गेलेला हां, श्रीलंकेत, म्हणून संत झाला.

पासपोर्ट पासपोर्ट सगळे बोलतात, कोणी विचारत नाही का गेले. माझा मुलगा इंजिनियर, इथे कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, पगारात भाड्याचा फ्लॅट पण येत नव्हता, सरकारी नोकरीला कोणाची तरी चिठ्ठी पाहिजे. घर आहे पण त्यात सतरा वाटेकरी, रिपेअर करायला सह्या मिळत नाहीत. मग गेला, बायको पोर घेऊन गेला. तिथे गोंयकारांनी मिळून कोंकणी मिस सुरू केलीय महिन्यातून एकदा, तो तिथे वाचतो, इथे असताना कधी पुलपितावर (चर्चमधल्या वाचायच्या मंचावर) चढला नव्हता. मला व्हिडिओ पाठवतो. मी खूश होऊ का रडू?

इथे आमच्या वाड्यावर लदीन आता मीच म्हणते. पूर्वी बायकांना पुढे उभं करत नव्हते, पुरुष म्हणायचे, आम्ही ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) एवढंच. पुरुष बोटीवर, मेस्त (चर्चचा संगीत मास्तर) वारला, मग मी शिकले, कागदावर लिहून ठेवलंय सगळं. व्हायोलिन नाही. चणे मात्र करतो. शेजारचं हिंदू कुटुंब बिहारचं की यूपीचं, त्यांची सून येऊन चणे निवडून देते आदल्या दिवशी, आणि त्यांची दोन पोरं ‘ओरा प्रो नोबिस’ माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणतात.

म्हापशेंचो_बाजार

मावशी, व्हायोलिनवाला पाहिजे तर आसगावचा एक पोर आहे, पॅरिश शाळेत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकलेला, लग्नात वाजवतो. मेमध्ये लग्नाचा सीझन म्हणून आधी सांगावं लागतं.

बाणावलीची_मावशी

घेतो किती तो?

म्हापशेंचो_बाजार

लग्नाला भरपूर घेतो. लदीनीला जेवण आणि पेट्रोल दिलंत तर येईल, मी बोलतो त्याच्याशी.